उजवा हात थबकतो तेव्हा

७ एप्रिल २००३ रोजी रोलिंग स्टोन्स मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले. मागे ड्रम्सवर चार्ली वॉट्स होता. साठी ओलांडलेला, केस पांढरे झालेले, चेहऱ्यावर फारसं काही नाही. मैदानावरच्या रॉक मैफलीत ड्रमरभोवती ढोलांची तटबंदी असणार असं आपण गृहीतच धरतो. वॉट्सनं मात्र आयुष्यभर जगातली मोठमोठी मैदानं चार ढोलांवर निभावून नेली. पायाशी २२ इंची बास ड्रम, पुढ्यात स्नेअर, त्याच्यावर १२ इंची टॉम, उजव्या हाताला १६ इंची फ्लोअर टॉम. संच ग्रेच कंपनीचा, १९५७ सालचा. त्या काळी तळघरांतल्या क्लबांत जॅझवाले असेच संच मांडून बसायचे.

डावी काठीही तो जॅझवाल्यांसारखी धरायचा, तळहात वर आणि काठी अंगठ्याच्या बेचक्यात. ही पकड मुळात लष्करी बँडमधली. चालताना ढोल एका अंगाला कललेला असायचा, त्यामुळे डावा हात उलटा करावाच लागायचा. रॉकमध्ये बहुतेकांनी ती टाकून दिली, कारण दोन्ही काठ्या सारख्या धरल्या की डाव्या हाताचा घाव जास्त जोरकस बसतो. वॉट्सनं ती सोडली नाही.

रॉकमधला नावाजलेला ड्रमर जॅझ वाजवायला बसला की ऐकणारे त्याचा वेग मोजतात. हात किती चालतो, सोलो किती लांब, जॅझ ड्रमर बडी रिचच्या किती जवळ पोचला. वॉट्सचं जॅझ ऐकताना हे माप निकामी ठरतं. त्याचा हात बडी रिचच्या जवळपासही नव्हता आणि सोलो तर तो टाळायचाच. तरीही रॉकमधून येऊन जॅझ वाजवणाऱ्या कित्येकांच्या वादनात जो पाहुणेपणा जाणवतो, तो त्याच्या वादनात नाही. हे कशामुळे, ते समजून घ्यायचं तर त्याच्या हातांपेक्षा त्याच्या कानांकडे जावं लागतं.

हे कान तयार झाले लंडनच्या वेम्बली भागात. वॉट्सचा जन्म २ जून १९४१ चा, वडील रेल्वेकडे लॉरी चालवायचे. महायुद्धानंतर घाईघाईनं उभारलेल्या तयार सांगाड्यांच्या घरांत हे कुटुंब राहायचं आणि शेजारच्या घरात डेव्ह ग्रीन नावाचा मुलगा होता. दोघांनी मिळून जॅझच्या तबकड्या ऐकल्या. पुढे ग्रीन इंग्लंडमधला नामवंत बास वादक झाला आणि म्हातारपणापर्यंत वॉट्सच्या जवळजवळ प्रत्येक जॅझ संचात त्याच्या शेजारी उभा राहिला.

शाळकरी वयात वॉट्सनं जेरी मलिगनच्या चौकडीची ‘वॉकिंग शूज’ ही रचना ऐकली. १९५२ च्या त्या चौकडीत पियानो नव्हता. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बास आणि ड्रम्सवर चिको हॅमिल्टन, तोही काठ्यांऐवजी ब्रश घेऊन. पियानो नसला की स्वरांमध्ये मोकळी जागा फार राहते. तिथे ड्रमरनं जरा आवाज चढवला की सगळा डौल मोडतो. हॅमिल्टननं तो मोडू दिला नाही. वॉट्सकडे तेव्हा एक बँजो होता. त्यानं त्याची मान काढून टाकली, उरलेलं गोल चामडं स्नेअरसारखं पुढ्यात घेतलं आणि त्यावर ब्रश घासायला सुरुवात केली. १९५५ मध्ये आईवडिलांनी त्याला पहिला ड्रम संच घेऊन दिला. ढोल वाजवायला शिकणारी पोरं सहसा आधी बडवायला शिकतात. हा मुलगा आधी हळू वाजवायला शिकला.

हॅरोच्या कला विद्यालयात तो चित्रकला शिकला आणि मग जाहिरातीच्या स्टुडिओत नोकरीला लागला. त्याच सुमाराला त्यानं जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या आयुष्यावर लहान मुलांसाठी एक सचित्र पुस्तिका केली, नायक म्हणून एक पक्षी. १९६२ मध्ये तो अलेक्सिस कॉर्नरच्या ब्लूज इनकॉर्पोरेटेड या बँडमध्ये वाजवत होता. त्यानं सोडलेल्या जागेवर जिंजर बेकर आला आणि जानेवारी १९६३ मध्ये वॉट्स रोलिंग स्टोन्समध्ये दाखल झाला. इथपर्यंत त्याचा जीव जॅझमध्येच होता. रॉक त्याला कामाच्या ओघात भेटलं.

आता लयीकडे वळू, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. रॉकच्या ठेक्यात चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी स्नेअरवर ठणकावून वाजते. पहिली आणि तिसरी बहुधा बास ड्रमवर असते. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे पायानं उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, प्रत्येक मात्रेचे दोन सारखे तुकडे करत राहतो. सगळं वजन खाली असतं. बास ड्रम आणि स्नेअर काढून घेतले तर गाणं कोसळेल.

जॅझमध्ये लय वर राहते, राइड सिम्बल या मोठ्या झांजेवर. काठीच्या टोकानं टिंग, टिंग-ट-टिंग, टिंग-ट-टिंग असं सतत चालू असतं. डावा पाय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हाय-हॅट मिटतो, त्याचा बारीक ‘चिक्’ ऐकू येतो. बास ड्रमला उजवा पाय चारही मात्रांवर नुसता स्पर्श करतो. तो आवाज कानाला वेगळा कळत नाही, बासच्या तारेखाली गुंजत राहतो. आणि डावा हात सुट्टा असतो. पुढचा सॅक्सोफोनवाला काय म्हणतोय त्याप्रमाणे तो स्नेअरवर मध्येच हुंकार देतो, मध्येच गप्प बसतो. पूर्वी जॅझमध्येही बास ड्रमचा पाय लय रेटत असे. तिला वर सिम्बलवर नेण्यात १९४० च्या आसपास ड्रमर केनी क्लार्कचा मोठा वाटा होता. लय वर गेली आणि ड्रमरचा एक हात, एक पाय बोलायला मोकळा झाला.

शिवाय ‘टिंग-ट’मधला तो ‘ट’ मात्रेच्या बरोबर मध्यावर पडत नाही. मात्रेचे तीन भाग केले तर साधारण तिसऱ्या भागावर येतो, म्हणजे आपल्याकडच्या तिस्र जातीच्या जवळपास. ‘जवळपास’ म्हणायचं, कारण लय संथ असली की तो उशिरा येतो, द्रुत झाली की मध्याकडे सरकत जातो, आणि प्रत्येक ड्रमरचा तो थोडा वेगळा असतो. कागदावर हे लिहून देता येत नाही. स्विंग म्हणतात ते यातच आहे. ज्या रॉक ड्रमरच्या अंगात दोन समान तुकडे मुरलेले असतात तो हिशेबानं तीन भाग पाडतो, तिसऱ्यावर आघात देतो, आणि ऐकणाऱ्याला तो हिशेब ऐकू येतो.

दुसरी अडचण आवाजाची. जॅझच्या छोट्या संचात डबल बास लाकडी असतो, सॅक्सोफोनवाला फुंकेल तेवढाच त्याचा आवाज. काठी चार बोटं उचलली तरी पुरते. वर्षानुवर्षं खांद्यापासून हात उचलून वाजवलेल्याला इथे आपला हात कुठे ठेवावा तेच समजत नाही. हळू वाजवलं की त्याची लय ढिली पडते, कारण तिला आजवर जोराचाच आधार होता. विलंबित एकतालात तासभर ठेका धरून बसलेल्या तबलजीला यातली अडचण चटकन कळेल. तिथे हाताची तयारी दाखवायला वाव नसतो, आणि दोन मात्रांमधली जागा रिकामी ठेवायला जी ताकद लागते ती वेगळीच.

वॉट्सच्या अंगात हे दोन्ही आधीपासून होतं, म्हणूनच त्याचं रॉकही वेगळं वाजलं. त्याची एक लकब ड्रम वाजवणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे. उजवा हात हाय-हॅटवर आठ ठोके देत असतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डावा हात स्नेअरवर पडतो, त्याच क्षणी उजवा थबकतो. हाय-हॅट वाजतच नाही. काठी जराशी वर उचलली जाते, स्नेअर एकटाच वाजतो आणि उजवा हात पुन्हा कामाला लागतो. चित्रफितीत त्याच्या मनगटाकडे नीट पाहिलं की हे सहज दिसतं. इतर ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात, त्यामुळे स्नेअरच्या घावावर झांजेची किनार चढते. वॉट्सचा घाव स्वच्छ येतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे बारीकशी पोकळी राहते. ठेका श्वास घेतोय असं वाटतं. त्यातच स्टोन्सची रीत अशी की गाणं कीथ रिचर्ड्सची गिटार ओढायची आणि ड्रम्स तिच्या किंचित मागून यायचे. इतर बँड ड्रमरच्या मागे जातात. वॉट्स गिटारीचं ऐकून वाजवायचा, आणि ऐकून वाजवणं हा जॅझचा संस्कार.

खरं तर रॉकचा ठेका घडवला जॅझवाल्यांनीच. लिटल रिचर्डचा उजवा हात पियानोवर मात्रेचे सरळ दोन तुकडे करू लागला, तेव्हा न्यू ऑर्लीन्सच्या अर्ल पामरनं आपली झुलती चाल सोडून त्याच्याशी जुळवून घेतलं. शिकागोत चक बेरीच्या मागे बसणारा फ्रेड बिलोही मूळचा जॅझचा. त्या तबकड्यांत गिटार सरळ चालते आणि ड्रम्स अजून झुलत असतात. त्या दोहोंच्या मधल्या घर्षणात जी मजा आहे ती वॉट्सनं लहानपणी कानात साठवली होती. पुढच्या पिढ्यांचे ड्रमर रॉक ऐकून रॉक शिकले, त्यांच्यापर्यंत हे झुलणं पोचलंच नाही.

याचा तोटाही होता, आणि तो सांगायला हवा. १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट’ ध्वनिमुद्रित होत असताना तिथला ठेका वॉट्सच्या हातात बसेना. निर्माता जिमी मिलर स्वतः ड्रम्सवर बसला आणि तबकडीवर आजही तोच वाजतो. वॉट्सच्या हाताला मर्यादा होत्या. त्याला त्या ठाऊक होत्या आणि त्यानं त्या झाकल्या नाहीत.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस स्टोन्सचा पियानोवादक इयन स्टुअर्ट याच्या रॉकेट ८८ या बूगी-वूगी संचात तो वाजवू लागला. पण मनातली हौस पुरी झाली १९८५ मध्ये, लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबात. तीसहून जास्त वादकांचा बिग बँड त्यानं उभा केला. जुने मुरलेले स्टॅन ट्रेसी, जिमी ड्यूकर, पीटर किंग, नवा कोर्टनी पाइन, मुक्त संगीतातला इव्हान पार्कर, आणि चेलो घेऊन चक्क क्रीम या रॉक त्रिकुटातला जॅक ब्रूस. ड्रमर तीन, वॉट्सबरोबर बिल आयडन आणि जॉन स्टीव्हन्स. १९८६ ची ‘लाइव्ह ॲट फुलहॅम टाउन हॉल’ ही तबकडी ऐकताना हा माणूस किती खूश आहे ते जाणवतं. संगीत म्हणून तिथे फार गर्दी झाली आहे, असं माझं मत. पैसा, नाव, हवे ते वादक हाताशी असताना त्यानं स्वतःला तिघांतला एक करून घेतलं, ही गोष्ट मात्र त्याच्याबद्दल पुष्कळ सांगते.

माझ्या लेखी त्याचं जॅझ खऱ्या अर्थानं बसलं ते १९९१ च्या पंचकात. अल्टो सॅक्सवर पीटर किंग, ट्रम्पेटवर कोवळ्या वयाचा जेरार्ड प्रेझेन्सर, पियानोवर ब्रायन लेमन, बासवर बालमित्र डेव्ह ग्रीन. ‘फ्रॉम वन चार्ली’ ही तबकडी त्या जुन्या पक्ष्याच्या पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीबरोबर निघाली. पार्करच्या वळणाचं संगीत म्हणजे द्रुत लय, तिरकस आघात, क्षणाक्षणाला सुरांची पालट. किंग त्यात मुरलेला. मागे वॉट्स काय करतो? राइड सिम्बल चालू ठेवतो. हाय-हॅट मिटत राहतो. स्नेअरवर अधूनमधून एखादा शब्द बोलतो. मॅक्स रोच पार्करच्या मागे जसा प्रत्येक वाक्याला उलट वाक्य टाकायचा तसं वॉट्सकडून होत नाही. तेवढी भाषा त्याच्यापाशी नव्हतीच. पण ग्रीनचा बास आणि त्याची झांज एका जागी पडतात, आणि किंगला पाय ठेवायला पक्की जमीन मिळते. पार्करच्या संगीतात तेवढं जमवणारे रॉक ड्रमर फार थोडे.

मग ‘वॉर्म अँड टेंडर’ (१९९३) आणि ‘लाँग अगो अँड फार अवे’ (१९९६) आल्या. जुनी अमेरिकन प्रेमगीतं, गायक बर्नार्ड फाउलर, मागे तंतुवाद्यं. इथे ब्रश बाहेर येतात. ब्रशचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. डाव्या हातातला तारांचा पंखा स्नेअरच्या खरखरीत लेप दिलेल्या चामड्यावरून वर्तुळात फिरतो. तो उचलायचा नाही, उचलला की आवाज तुटतो. उजवा ब्रश त्याच चामड्यावर अलगद ठोके देतो आणि फिरणाऱ्या डाव्याला न धडकता त्याच्यावरून पलीकडे जातो. काठी चामड्यावर आपटून आपोआप उसळते, तशी उसळी ब्रशला नाही. दोन ठोक्यांमधला सगळा वेळ वाजवणाऱ्यालाच भरावा लागतो. संथ गाण्यात चूक लपवायला जागा नसते, आणि अशा गाण्यांत वॉट्स सर्वांत सुंदर वाजतो. बँजोच्या चामड्यावर सुरू झालेली गोष्ट इथे पिकलेली ऐकू येते.

२००० साली जिम केल्टनर या मित्र ड्रमरबरोबर त्यानं एक निराळाच प्रयोग केला. नऊ रचना, प्रत्येकीचं नाव एका वादकाचं: केनी क्लार्क, मॅक्स रोच, आर्ट ब्लेकी, रॉय हेन्स, टोनी विल्यम्स, एल्विन जोन्स वगैरे. त्या वादकांची नक्कल त्यात कुठेच नाही. यंत्रांचे ध्वनी, तालवाद्यांचे थर, तऱ्हतऱ्हेचे ठेके आहेत. आपल्या दैवतांची नावं घ्यायची, त्यांच्यासारखं वाजवण्याचा हट्ट धरायचा नाही, हा त्याचा स्वभावच.

इतरांनी हा रस्ता कसा काढला तेही पाहायला हवं. जिंजर बेकर मुळात जॅझचाच, फिल सीमन या इंग्लिश जॅझ ड्रमरच्या हाताखाली तयार झालेला. स्वतःला रॉकवाला म्हणवून घेणं त्याला कधीच रुचलं नाही. १९९४ मध्ये गिटारवर बिल फ्रिझेल आणि बासवर चार्ली हेडन यांच्याबरोबर त्यानं केलेली ‘गोइंग बॅक होम’ ऐका. पायांची दुहेरी चाल आणि आफ्रिकी वळणाचे टॉम जसेच्या तसे आहेत, तरी हेडनचा बास त्यात बुडत नाही. बिल ब्रूफर्डनं १९८६ मध्ये अर्थवर्क्स काढला, आधी विजेच्या ड्रम्सवर आणि पुढे साध्या लाकडी संचावर. २००९ मध्ये त्यानं वादन थांबवलं, सरे विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि काही वर्षांनी एका छोट्या त्रिकुटात पुन्हा वाजवायला बसला.

मला सर्वांत हलवून जाते ती नील पेअर्टची गोष्ट. कॅनडातल्या रश या बँडचा हा ड्रमर जगभरच्या तरुण वादकांचं दैवत. भोवती ढोलांचं रिंगण, प्रत्येक आघात आधी ठरवलेला, कोरून काढल्यासारखा. १९९१ मध्ये बडी रिचच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीत तो बिग बँडबरोबर बसला आणि स्वतःच्या वादनावर नाखूश होऊन परतला. पुढे ‘बर्निंग फॉर बडी’ हा रिचच्या संगीताचा प्रकल्प त्यानं हाती घेतला. तिथे ड्रमर स्टीव्ह स्मिथचं वादन ऐकताना त्याला त्यात झालेला फरक जाणवला, चौकशी केल्यावर फ्रेडी ग्रुबर या जुन्या शिक्षकाचं नाव कळलं. चाळिशी ओलांडलेला, कीर्तीच्या शिखरावर असलेला पेअर्ट ग्रुबरकडे विद्यार्थी म्हणून गेला. ग्रुबरचा भर एका आघाताकडून दुसऱ्याकडे जाताना हात हवेत कसा फिरतो, त्यावर. पेअर्टनं पकड बदलली, डावी काठी उलट्या हातात घेतली, बसण्याची मांडणी बदलली आणि रोज सरावाला बसला. पुढे त्यानं जॅझ ड्रमर पीटर अर्स्किनकडे पुन्हा शिकवणी धरली आणि २००८ मध्ये रिचच्या स्मरणार्थ मैफलीत परत वाजवलं. तेव्हाही तो अस्सल जॅझवाला झाला होता असं मी म्हणणार नाही. स्विंग त्याच्या हाताला कष्टानं वश झालं आणि ते कष्ट ऐकू येतात. पण लाखो लोक ज्या हातांवर जीव टाकतात ते हात कोऱ्या पाटीसारखे दुसऱ्यापुढे ठेवायचे, याला मोठं काळीज लागतं.

मराठी कानाला हे झुलणं वाटतं तितकं परकं नाही. मुंबईच्या ताजमध्ये १९३० च्या दशकात आफ्रिकन-अमेरिकन वादकांचे बँड वाजू लागले, त्यांच्या संगतीत गोव्याच्या वादकांनी जॅझ उचललं. हेच वादक नंतर सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट म्हणजे गोव्याचे अँटोनियो झेवियर वाझ. ते संगीतकार सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते. १९५१ च्या ‘अलबेला’तल्या गाण्यांवर आपल्या घराघरांतली माणसं डोलली, ती अशाच वादकांच्या स्विंगवर. उलट दिशेचा प्रवास त्रिलोक गुर्टूचा. ठुमरीगायिका शोभा गुर्टूंचा हा मुलगा मुंबईत तबल्यावर वाढला आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रिकुटात जमिनीवर गुडघे टेकून ड्रम्स आणि तबला एकाच मांडणीत वाजवू लागला. जॅझचा ठेका त्यानं अमेरिकन पद्धतीनं पाठ केला नाही. त्याच्या मात्रा तबल्याकडून आल्या, तरी संगतीचं ऐकणं पूर्ण जॅझचं. वॉट्सचं आणि त्याचं वादन एकमेकांपासून कोसभर दूर असलं तरी याबाबतीत दोघं शेजारी बसतात.

२४ ऑगस्ट २०२१ रोजी वॉट्स गेला. त्याची एक मोठी जॅझ तबकडी त्याआधी चार वर्षं निघाली होती. कोपनहेगनमध्ये डॅनिश रेडिओच्या बिग बँडबरोबर २०१० मध्ये केलेली मैफल २०१७ मध्ये ‘इम्पल्स’नं बाजारात आणली. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या तबकड्या काढणारी ती कंपनी. प्रेझेन्सर तोवर त्याच बँडमध्ये होता, डेव्ह ग्रीनही सोबत आला होता. सुरुवातीला एल्विन जोन्सच्या नावाची दोन भागांतली रचना आहे, मग ‘सॅटिस्फॅक्शन’ आणि ‘पेंट इट ब्लॅक’ही आहेत, शब्दांशिवाय, फुंकवाद्यांच्या अंगानं मांडलेली. आणि ‘यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट’ आहे. १९६८ मध्ये स्टुडिओत जे हाताला बसलं नव्हतं, मग मैदानांवर वर्षानुवर्षं ज्याची त्यानं साथ केली, ते गाणं इथे बिग बँडच्या चालीनं येतं. वॉट्स ते सजवत नाही. बँडच्या फुंकीखाली राहतो, लय धरून ठेवतो, सोलो घेणाऱ्याला पुढे जाऊ देतो. या गाण्याची स्टोन्सची तबकडी आणि ही कोपनहेगनची, दोन्ही पाठोपाठ ऐकून पाहा. पहिलीत मिलर आहे, दुसरीत वॉट्स.